जिल्ह्याची शीव कुठे लिहून ठेवली आहे? महसूल खात्यास खुले पत्र

प्रति,
मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. अपर मुख्य सचिव, महसूल विभाग
मा. जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमि अभिलेख

स. न. वि. वि.

मी भूमि अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला भूकरमापक आहे. ३१ वर्षे दुसऱ्यांच्या बांधावर उभा राहून "दादा, तुमचा दगड इथं येतो" असे सांगत आलो. शिव्याही खाल्ल्या, चहाही प्यायलो. आता माझीच ३८ गुंठे जमीन कोणत्या जिल्ह्यात आहे, हे मला कुणी लेखी सांगायला तयार नाही. म्हणून हे पत्र, आणि ते उघड. बंद पाकिटातली तीन पत्रे याआधी पाठवून झाली आहेत.

हकीकत अशी. आमचे गाव नदीकाठी आहे. अलीकडे एक जिल्हा, पलीकडे दुसरा. नदीचे नाव लिहीत नाही, कारण ते लिहिले की दोन्ही तहसील कचेऱ्या ओळखू येतील. तिथल्या कारकुनांशी माझे भांडण नाही, त्यांच्या हातात कुणी कागदच दिलेला नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूरकडे पूर आले, तेव्हा आमच्या नदीने एक वळण तोडले. घोड्याच्या नालेसारखा वळसा होता, पाणी सरळ त्याच्या मानेतून गेले. पाणी ओसरल्यावर पाहतो तर आमचे ३८ गुंठे पलीकडच्या काठाला. त्यातही १४ गुंठ्यांवर नुसती वाळू आणि गोटे. थोरल्या वहिनींनी टाकलेल्या कांद्याच्या रोपाचा मागमूस नाही.

पंचनाम्याला अलीकडचे ग्राम महसूल अधिकारी (तलाठ्यांना आता असे म्हणायचे) आले, काठावर थांबले आणि म्हणाले, "रान पलीकडं आहे, पलीकडच्यांनी करायला पाहिजे." पलीकडचे आले, सातबारा पाहिला आणि म्हणाले, "हा गट आमच्या गावचा नाही." दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. मग मी दोन्ही तहसीलदारांना अर्ज केले. दोन्हीकडून उत्तर आले, हे मान्य करतो. दोन्ही उत्तरांत शेवटचे वाक्य एकच होते: 'सदर क्षेत्र या कार्यालयाच्या हद्दीत येत नाही.'

मी त्यावर साधा प्रश्न विचारला. हद्दीत येत नाही, तर हद्द कुठे आहे? ती ठरवणारा कागद दाखवा. एका कचेरीने गावांची यादी दिली. दुसरीने भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशाची झेरॉक्स दिली. तिच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापले होते की हा नकाशा फक्त माहितीसाठी आहे, त्यावरील हद्दी अधिकृत समजू नयेत.

कायद्यात जिल्ह्याची हद्द कशी ठरते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. ठाऊक असण्याचे कारणही नाही. राज्यांच्या सीमा बदलायच्या तर संविधानाच्या अनुच्छेद ३ प्रमाणे संसदेत कायदा करावा लागतो. जिल्ह्याला तसे काही लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४ उघडा. राज्य शासन राजपत्रात अधिसूचना काढते. गाव म्हणजे कोणते स्थानिक क्षेत्र, तालुक्यात कोणती गावे, उपविभागात कोणते तालुके आणि जिल्ह्यात कोणते उपविभाग, एवढेच त्यात सांगायचे असते. म्हणजे जिल्ह्याच्या सीमेची रेषा अशी कुठेच आखलेली नसते. जिल्हा ही गावांची यादी आहे. यादीतल्या काठावरच्या गावांच्या बाहेरच्या शिवा एकापुढे एक जोडल्या की जी रेषा तयार होते, ती जिल्ह्याची हद्द. आणि गावाची शीव कुठे? ती आमच्या खात्याच्या कपाटात, गाव नकाशात, आणि जमिनीवर पुरलेल्या दगडांत. नकाशा जीर्ण झाला आणि दगड उपटला गेला, की जिल्ह्याची हद्द तेवढ्या भागापुरती ऐकीव होते.

ही पद्धत मुळात वाईट नाही. इंग्लंडमध्येही काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या, हद्दी १८४१ च्या ऑर्डनन्स सर्व्हे (तिथले सरकारी मोजणी खाते) कायद्याखाली अशाच गोळा केल्या. गावातली जाणती माणसे नेमून त्यांना शीव दाखवायला सांगितले. मोजणीदार त्यांच्या मागे चालला आणि नकाशावर नोंद केली: इथे रेषा ओढ्याच्या मधून जाते, इथे कुंपणाच्या मुळापासून चार फुटांवरून. आपल्याकडे १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेत शेजारच्या गावांच्या पाटलांनी एकमताने दाखवलेली रेषा शीव म्हणून मान्य करायची सोय होती. गोष्ट तीच. फरक एवढाच की त्यांच्या नकाशावर रेषेशेजारी शब्द लिहिलेले आहेत. कॅलिफोर्नियात तर प्रत्येक काउंटीची हद्द राज्याच्या कायद्यातच शब्दांत दिली आहे: अमुक कोपऱ्यापासून निघावे, तमुक रेषेने जावे, आणि फिरून आरंभस्थानी यावे. माझा भाचा तिकडे असतो. त्याने घरबसल्या आपल्या काउंटीचे कलम मोबाइलवर काढून मला वाचून दाखवले. मी ३१ वर्षे खात्यात काढून माझ्या जिल्ह्याचे काढू शकलो नाही. वाचताना तो हसत होता. मला हसू आले नाही.

आता तक्रारी.

सर्वांत मोठी तक्रार जुन्या निजाम हद्दीबद्दल आहे. आमच्याकडची म्हातारी माणसे अजूनही पलीकडच्या काठाला 'मोगलाई' म्हणतात. सीना काय, गोदावरी काय, कित्येक मैल या नद्या इंग्रजांचा मुलूख आणि हैदराबाद संस्थान यांच्यामधली हद्द होत्या. अलीकडची मोजणी मुंबई सरकारने केली. विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी पद्धत बसवली, तीच पुढे सगळीकडे गेली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ भाग म्हणजे आणे, साखळीचा चौरस म्हणजे गुंठा. पलीकडची मोजणी निजाम सरकारने नंतर केली, मुंबईचीच रीत उचलून, पण माणसे वेगळी, साल वेगळे, आणि नदीचे पात्र त्या साली जिथे होते तिथे. दोघेही आपापल्या काठापर्यंत आले आणि थांबले. नदी कुणीच मोजली नाही. तिला सर्व्हे नंबर नाही, नकाशात फक्त 'नदी' असे लिहिलेले.

१९५० साली एकमेकांच्या पोटात अडकलेल्या गावांची मुंबई आणि हैदराबाद यांच्यात अदलाबदल झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. राज्य एक झाले, नकाशे मात्र शिवले गेले नाहीत. नोकरीत असताना मी एकदा दोन्ही काठांचे गाव नकाशे काचेच्या टेबलावर खालून दिवा लावून एकाला एक जुळवून पाहिले होते. एका जागी दोन्ही गावांचे नंबर एकमेकांवर चढत होते. तिथून फर्लांगभर पुढे अशी पट्टी होती जी कुणाच्याच नकाशात नव्हती. मी साहेबांना दाखवले. साहेब म्हणाले, "कुणी अर्ज केलाय का? मग गुंडाळून ठेवा."

गुंडाळून ठेवले. ती माझीही चूक आहे, लिहून टाकतो.

दुसरे, वाळू. पात्र कुणाचे हे ठरलेले नाही, याचा सगळ्यांत अचूक अभ्यास वाळूवाल्यांनी केला आहे. अलीकडून पथक आले की गाड्या पलीकडे, पलीकडून आले की अलीकडे. नदीच्या मध्यावर उभ्या असलेल्या गाडीचा पंचनामा कोणत्या तालुक्याने करायचा, यावर काठावर तासभर फोनाफोनी होते आणि तेवढ्यात गाडी जाते. आमच्या गावची शाळकरी पोरेसुद्धा हा खेळ ओळखतात.

तिसरे, वादाचा निकाल. गावाच्या शिवेचा वाद कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवला आहे. ठीक. पण जी शीव दोन जिल्ह्यांमधली आहे, तिचा वाद कोणत्या जिल्हाधिकाऱ्यांनी ऐकायचा? दोघे समान दर्जाचे. वर जावे तर विभागीय आयुक्त. जुन्या निजाम हद्दीवर अलीकडे पुणे किंवा नाशिक विभाग, पलीकडे छत्रपती संभाजीनगर विभाग, म्हणजे आयुक्तही दोन. मग त्यांच्या वर थेट मंत्रालय. ३८ गुंठ्यांसाठी मंत्रालय! वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "भावजी, त्यापरीस नदीलाच पुन्हा मागं फिरायला सांगा."

पुराच्या रात्रीचे तर सांगायलाच नको. नियंत्रण कक्षाला फोन लावला की पहिला प्रश्न, जिल्हा कोणता? वस्तीभोवती चारी बाजूंनी पाणी असताना माणसाने काय सांगावे?

आणखी एक गोष्ट मला खुपते. १९६० साली आपले जिल्हे २६ होते, आज ३६ आहेत. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ मध्ये लातूर आणि गडचिरोली, मग मुंबई उपनगर, १९९८ मध्ये वाशीम आणि नंदुरबार, १९९९ मध्ये हिंगोली आणि गोंदिया, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर. दर वेळी मोर्चे निघाले ते मुख्यालय कुठे यासाठी, किंवा अमुक तालुका या जिल्ह्यात नको म्हणून. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा. त्याच्या विभाजनाची मागणी कित्येक वर्षे चालू आहे आणि तिथेही वाद मुख्यालयाचाच. नवी रेषा ज्यांच्या बांधावरून जाणार, त्यांना ती प्रत्यक्ष जमिनीवर कोण दाखवणार, हा प्रश्न मी कोणत्याही मोर्च्यात ऐकला नाही. कलम ४ प्रमाणे अशा अधिसूचनेचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात. पण मसुद्यात गावांची नावे असतात. नावांच्या यादीवर रेषेची हरकत कशी घ्यायची?

उलट नावांची काळजी बघा. त्याच कलमात तरतूद आहे की एखाद्या क्षेत्राचे नाव बदलले तर जुन्या कायद्यांतले, दस्तांतले नाव आपोआप नवे समजावे. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावे गेली, नवी आली, आणि एकाही खरेदीखताचा कागद त्यामुळे अडला नाही. उत्तम व्यवस्था आहे, मी तिला नावे ठेवत नाही. तेवढीच तरतूद नदीने वळण तोडले तर काय, याबद्दल कुणी एका परिपत्रकात लिहिली असती, तर हे पत्र लिहावे लागले नसते.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ते स्वच्छ आहे. जिल्हा गावांच्या यादीने ठरतो, गाव नकाशाने ठरते, आणि नकाशा पाण्याबरोबर वाहत जात नाही. नदी सरकली म्हणून गट नंबर सरकत नाही. शासनाने राजपत्रात बदल करेपर्यंत माझे ३८ गुंठे अलीकडच्याच गावात, अलीकडच्याच जिल्ह्यात आहेत. पंचनामा अलीकडच्यांनी, होडीतून जाऊन का होईना, करायला हवा होता. पण हे मी बोलून उपयोग नाही. हे आपण लिहून दिले पाहिजे.

आता कुणी म्हणेल, जनगणना तोंडावर आहे, १ जानेवारी २०२६ पासून हद्दी गोठवल्या आहेत, सध्या काही करता येत नाही. हेच उत्तर मला तोंडी मिळालेही. नियम मला माहीत आहे. जनगणनेआधी प्रशासकीय हद्दी गोठवतात, म्हणजे मोजणी होईपर्यंत त्या बदलायच्या नाहीत. पण मी बदल मागतच नाही. आहे ती हद्द कुठे आहे, ते लिहा आणि दाखवा, एवढेच म्हणतो. जी रेषा कुणाला दाखवता येत नाही, ती गोठवली म्हणजे नेमके काय गोठवले? उलट हाच काळ या कामाला सर्वांत सोयीचा, कारण निदान जनगणना होईपर्यंत रेषा हलणार नाही, याची हमी सरकारनेच दिली आहे. शिवेवरच्या वस्त्यांतली घरे कोणत्या प्रगणकाने मोजायची, हा प्रश्न तसाही सोडवावाच लागणार.

म्हणून माझ्या मागण्या.

प्रत्येक जिल्ह्याची एक हद्द नोंदवही तयार करा. तीत त्या जिल्ह्याच्या घडणीच्या आणि बदलांच्या सर्व अधिसूचना, तारखेसह, एकाखाली एक. त्यानंतर काठावरच्या गावांची यादी. प्रत्येक काठाच्या गावापुढे त्याचा गाव नकाशा, आणि शीव कशी जाते याचे चार ओळींचे मराठी वर्णन: ओढ्याच्या मधून, रस्त्याच्या उत्तर कडेने, अमुक दगडापासून तमुक दगडापर्यंत. ही नोंदवही सर्वांना पाहता येईल अशी ठेवा आणि तिची प्रमाणित प्रत मिळू द्या. जमीन महसूल संहितेच्या कलम ३२७ मध्ये नकाशे आणि भूमि अभिलेख लोकांना पाहण्यास खुले ठेवण्याची तरतूद आधीपासून आहे, तेव्हा नवा कायदा नको. या कामाला फार माणसेही लागणार नाहीत. काठाची गावे मोजकीच असतात, आणि माझ्यासारखे निवृत्त लोक दुपारी काय करतात हे त्यांच्या घरच्यांना विचारा.

जिथे जिल्ह्याची हद्द नदीतून जाते, तिथे दोन्ही बाजूंच्या मोजणीदारांनी एकाच दिवशी, एकत्र मोजणी करावी. आज रोव्हर हातात आहे. आमच्या काळी साखळी ओढायला चार माणसे लागायची, आता एक माणूस खांद्यावर काठी घेऊन जातो आणि उपग्रहावरून जागा कळते. तीन शिवा मिळतात तिथे पक्का दगड बसवा, त्याचे अक्षांश-रेखांश नोंदवा, आणि कागदावर दोन्ही जिल्ह्यांच्या सह्या घ्या. नकाशे जुळत नाहीत तिथे निकाल लागेपर्यंत कोणता नकाशा धरायचा, ते आधीच ठरवून टाका.

दोन जिल्ह्यांच्या शिवेच्या वादासाठी एक अधिकारी नेमा. कोणीही असो, पण एक.

नव्या जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा मसुदा यादीबरोबर नकाशा जोडल्याशिवाय काढू नका.

आणि 'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर अर्जदाराला देणे बंद करा. हे अशक्य नाही, इतरांनी केले आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज चुकीच्या कचेरीत गेला तर कलम ६(३) प्रमाणे तिने तो पाच दिवसांच्या आत योग्य कचेरीकडे पाठवायचा असतो, अर्जदाराला हाकलायचे नसते. पोलिसांचे बघा. हद्दीवरून माणसे ठाण्याठाण्यांत फिरवण्यात त्यांची ख्याती होती. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते, मग ते कागद योग्य ठाण्याला धाडतात. चोरीची फिर्याद कुठेही घेता येते, तर वाहून गेलेल्या रानाचा अर्ज का घेता येऊ नये? शेजारच्या दोन तहसीलदारांनी एकमेकांना पत्र लिहावे, शेतकऱ्याने नदी ओलांडत राहू नये.

माझ्या ३८ गुंठ्यांचे अनुदान मिळाले तर वहिनींना हवेच आहे, नाही म्हणत नाही. पण फक्त तेवढे मिटवून हे पत्र निकाली काढू नका. या राज्यात दोन जिल्ह्यांच्या मधल्या नदीकाठी आमचे एकच गाव नाही.

शेवटी कामाची माहिती. आमच्या शिवेवरचा एक जुना दगड अजून जागेवर आहे. बाकीचे कुणी घराच्या पायात घातले, कुणी नांगरताना काढून बांधावर टाकले. हा वाचला, कारण केव्हातरी कुणीतरी त्याला शेंदूर लावला आणि तो म्हसोबा झाला. वाढती बाभूळ त्याच्यावर झुकली आहे. मी निवृत्त झाल्यावर गाव नकाशावरून तपासले, दगड जिथे असायला हवा तिथेच आहे, वीतभरही हललेला नाही. पुरातही नाही. एकत्र मोजणीला सुरुवात त्याच्यापासूनच करता येईल. तारीख आठ दिवस आधी कळवा, दोन्ही काठांची माणसे हजर ठेवतो. सकाळी दहाच्या आत या, नंतर वाळू तापते. येताना एक नारळ आणावा लागेल, वहिनींची तेवढी अट आहे.

आपला,
नदीकाठचा एक निवृत्त भूकरमापक